लॅटिनला पाचवा हवा

तीर्थस्वरूप सौ. वन्संना,

धाकट्या भावजयीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, भाऊजींचा खोकला दिवसापुरताच राहिला आहे की अजून रात्रपाळीही करतो, सूनबाईंच्या नव्या नोकरीतला तो कटकट्या साहेब सुधारला की बदलला, हे सगळं सवडीने कळवा. इकडे आम्ही दोघंही सुखरूप आहोत. (सुखरूप हा शब्द लिहिताना मी जराशी थांबले होते, पण लिहिल्यावर खोडला नाही, याची नोंद घ्यावी.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे, माझ्याबद्दल तुमच्या कानावर काहीबाही गेलं आहे असं माझ्या बहिणीकडून कळलं. मी म्हणे घर सोडून सिस्टर लोकांच्या मठात जाऊन राहिले, धर्म बदलला आणि आता पांढरं नेसून गावभर हिंडते. थोडक्यात डोक्यावर परिणाम झाला. वन्सं, मी दोन्ही वेळा घरीच जेवते. पांढरं म्हणाल तर ती माझी निळी साडीच, आमच्या फादरनी माझ्या शेजारी उभं राहून फळा पुसला म्हणून तशी दिसली. आणि डोक्यावर परिणाम झालाच असेल, तर त्याचं मूळ तुमच्याच माहेरात आहे. मी पुलापलीकडच्या ख्रिस्ती कॉलेजात जाते, प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक शिकायला. ते सगळे कधीच मरून गेलेले आहेत, त्यामुळे घराण्याला त्यांच्यापासून काही धोका नाही.

आता सुरुवातीपासून सांगते. (मध्येच उठले तर रागावू नका, हल्ली मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सुरू केलं आहे, संपेल कुठे ते बघू.) तुमचे बंधू वजनमापे खात्यात निरीक्षक होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अख्खी हयात लोकांच्या तराजूंवर संशय घेण्यात गेली. निवृत्त झाल्यावर काही दिवस ते नुसते झोपले, मी म्हटलं, बरं झालं, दमलेत बिचारे. मग एका सकाळी उठले ते थेट स्वयंपाकघरात आले आणि खिडकीच्या गजाला त्यांनी आपला ताणकाटा टांगला. तेव्हापासून आमच्या घरात 'अंदाजे' हा शब्द बंद आहे. मी चहात किती पावडर घालते ते त्यांनी ओळीने आठवडाभर तोलून पाहिलं आणि मला समोर बसवून, अगदी हळुवारपणे, एखाद्याला आजाराचं निदान सांगावं तसं सांगितलं, "तुझ्या चमच्यात एकवाक्यता नाही." दूधवाल्याने आमची गल्लीच सोडली. भाजीवाली मला लांबून बघूनच पारड्यात जास्तीचं टाकते आणि वर म्हणते, "घ्या, पण साहेबांना पाठवू नका."

पण खरं सांगू का वन्सं, सगळा दोष त्यांच्यावर ढकलणं बरं नाही. ते घरी बसण्याच्या आधीपासूनच माझं काहीतरी बिनसलं होतं. मुलं आपापल्या गावी गेली, घर आवरून झालं, की मी आवरलेलंच विस्कटून परत आवरायची. आपण गॅस बंद करून निघालो का, अशी शंका येऊन माणूस अर्ध्या वाटेतून परत येतो ना, तसं मला दिवसभर व्हायचं. फरक एवढाच की परत येऊन पाहिलं तर गॅस बंदच असायचा आणि छातीतली धडधड तशीच. काहीतरी करायचं राहिलं आहे आणि ते काय ते आठवत नाही, असं. मग मी चालत सुटायची. पुलापर्यंत जायचं, परत यायचं. बँकेत जाऊन बँक उघडी आहे का विचारायचं. एकदा तर मी चपलांच्या दुकानात शिरून बराच वेळ बसले, एक जोड घालून पाहिला, आणि दुकानदाराने "फिरून बघा" म्हटल्यावर फिरत फिरत रस्त्यावर आले ती पुलापर्यंत गेले. (जोड परत केला. त्याने ओरडण्यापूर्वीच केला, असं मात्र म्हणता येणार नाही.)

असंच एकदा पूल ओलांडून गेले तर समोर कॉलेजचं फाटक. आत झाडं, लांबलचक व्हरांडा, कुठेतरी कुणीतरी पेटीवर एकच सूर धरून बसलेलं. फाटकावर पाटी, बाहेरच्या मोठ्या माणसांसाठी वर्ग आहेत म्हणून. खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, काय काय आहे? हिशेबनीसाचा वर्ग भरला होता, संगणकाचा भरला होता, मानसशास्त्राला तर लोक भिंतीला टेकून उभे होते. मी म्हटलं, रिकामं काय आहे ते सांगा. तो जरा कानकोंडा झाला. "तसा एक आहे. प्राचीन ग्रीस आणि रोम, लॅटिन भाषेसह." मी म्हटलं, द्या. त्याने चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाई, घरी विचारून या." तेवढ्यासाठी, वन्सं, केवळ तेवढ्या एका वाक्यासाठी मी तिथल्या तिथे नाव घातलं.

वर्ग प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत भरतो. अर्ध्या खोलीत मोडकी बाकं आणि एक बिनहाताचा प्लास्टरचा रोमन, अर्ध्या खोलीत आम्ही. शिकवणारे फादर खूप म्हातारे आहेत. त्यांचा झगा आधी कोणत्या रंगाचा होता ते खडूमुळे सांगता येत नाही, आणि शिकवताना ते आमच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघतात, जणू बाहेर सायकलस्टँड नसून रोमचा मोठा चौक आहे आणि आता इतक्यात कुणी ओळखीचं तिथून जाणार आहे. विद्यार्थी आम्ही चौघं. एक तरुण सिस्टर, तिला मठातून पाठवलेलं, तिला हसू फुटलं की थांबत नाही आणि ते नेमकं युद्धांच्या धड्यात फुटतं. एक गोलंदाज, कॉलेजच्या क्रिकेट संघातला. या वर्गात झोपलं तर कुणी उठवत नाही हे त्याला आधीच्या गोलंदाजाकडून कळलेलं. आणि एक केमिस्ट, ज्याचं म्हणणं असं की डॉक्टर चिठ्ठीवर जे खरडतात ते लॅटिन असतं आणि ते एकदाचं कळलं की डॉक्टरांची जिरवता येईल.

मला वाटलं होतं दोन दिवसांत कंटाळेन. पण लॅटिन म्हणजे शाळेतल्या विभक्त्याच निघाल्या! शब्दाचं शेपूट बदललं की त्याचं घरातलं स्थान बदलतं. पहिल्याच धड्यात वाक्य होतं, 'पुएल्ला नाउते रोसाम दात', म्हणजे मुलगी नाविकाला गुलाब देते. पुढच्या वाक्यात शेतकरी मुलीला पाणी देतो. (शेतकऱ्याला अग्रिकोला म्हणतात, ते बाटलीत मिळत नाही, मी विचारलं.) त्याच्या पुढच्या वाक्यात मुलगी परत नाविकालाच गुलाब देते, आणि शेतकरी पाहतो. वन्सं, मी घरी आले तरी माझ्या डोक्यातून ते जाईना. पाणी देतो शेतकरी आणि गुलाब मात्र नाविकाला, जो आज आहे आणि उद्या बोटीवर बसून चालता होणार! मी फादरना विचारलं, ह्या मुलीला आईवडील नाहीत का? फादर म्हणाले, "आईवडील तिसऱ्या विभक्तिगणात आहेत, ते पुढच्या सत्रात येतील." म्हणजे तोवर ती मोकळीच. जेवताना मी हे सगळं यांना सांगितलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी किती?"

मग फादरनी ग्रीकांची घरं शिकवली, रोमन लोकांची न्हाणीघरं शिकवली, सार्वजनिक पाण्याची व्यवस्था शिकवली, आणि माझी छाती धडधडायची ती आपोआप कमी झाली असं नाही, पण तिला काम मिळालं. मी चालत जाताना भिंतींकडे बघू लागले. आमच्या गल्लीतली गटारं पाहून मला रोमन लोकांची आठवण येऊ लागली आणि ते मी नगरपालिकेच्या माणसाला बोलूनही दाखवलं. एकदा फादर म्हणाले की रोममध्ये एडीलिस नावाचे अधिकारी असायचे, बाजारात हिंडून व्यापाऱ्यांची वजनंमापं तपासायची, आणि माप खोटं निघालं तर ते फोडून टाकायचं. घरी येऊन सांगितल्यावर यांचा घास हातातच राहिला.

"फोडायचे? जागच्या जागी?"

"जागच्या जागी."

त्यांनी घास परत ताटात ठेवला आणि खिन्नपणे म्हणाले, "आम्हाला आधी नोटीस द्यावी लागायची."

(आता मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून लिहिते आहे. स्टुलाला पाय होते पण मला पाठ टेकायची होती. इथे तीही टेकता येत नाही, पण वारा आहे.)

सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग प्राचार्या आल्या. प्राचार्या याही सिस्टरच, पण आमच्या हसऱ्या सिस्टरच्या अगदी उलट. त्यांच्यासमोर माणूस न सांगता बोटांची नखं तपासतो. त्यांनी दारात उभं राहून सांगितलं की पाचांपेक्षा कमी विद्यार्थी असलेला वर्ग चालवता येत नाही, असा नियम आहे, इतके दिवस कुणाच्या लक्षात आला नव्हता, आता आला. शनिवारपर्यंत पाचवा विद्यार्थी आला नाही तर वर्ग बंद, आणि खोलीत छायाप्रतींचं यंत्र बसेल. मला वाटलं फादर भांडतील. रोमन लोक इतके भांडायचे, हे रोज तेच तर शिकवतात. पण ते नुसते "होय सिस्टर" म्हणाले आणि प्राचार्या गेल्यावर फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ते पुसतच राहिले. आमच्या सिस्टरला त्या दिवशी हसू आलं नाही आणि गोलंदाज चक्क जागा होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते तुम्हालाच सांगते. ज्याच्यासाठी मी इतके दिवस अर्ध्या वाटेतून परत फिरत होते, ते मला या मोडक्या बाकांच्या खोलीत जरासं सापडलं होतं, आणि तिथे आता यंत्र येणार. मी उठले ती पळतच सुटले. शिंप्याला गाठलं, तो म्हणाला, रोमन लोक शिवलेलं घालायचे का? मी प्रामाणिकपणे म्हटलं, नाही, गुंडाळायचे. संपला तो प्रश्न. शेजारच्या निवृत्त मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, मी शिकवायला येतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बसून करायचं काहीही मला वर्ज्य आहे. केमिस्टने आपल्या गिऱ्हाइकांना गळ घातली तर दोघा-तिघांनी दुकान बदललं. गोलंदाजाने यष्टिरक्षकाला आणतो म्हणून शब्द दिला, पण यष्टिरक्षक चुकून मानसशास्त्रात जाऊन बसला आणि त्याला तिथे आवडलं.

शेवटी राहिला आमचा दाताचा डॉक्टर. वाचनाची फार आवड आहे असं तो नेहमी म्हणतो, आणि माझी एक दाढही ठणकत होती, म्हटलं एका फेरीत दोन्ही होईल. चूक एवढीच झाली, की विषय काढायच्या आधी मी तोंड उघडलं. त्याने लगेच आत कापूस, आरसा, नळी, काय काय घातलं. आता बोलणार कशी? मी घशातून समजावायचा प्रयत्न केला आणि पाच बोटं वर केली, म्हणजे वर्गाला पाचवा हवा. तो म्हणाला, "पाचवा? बरं बरं," आणि मोजायला लागला. मी जोरजोरात मान हलवली, तर म्हणाला, "घाबरू नका, काढताना कळणारसुद्धा नाही," आणि सुई टोचून मोकळा झाला! चांगला, धडधाकट, माझ्या लग्नाला साक्षीदार असलेला दात, वन्सं! मी गळ्यातल्या फडक्यासकट खुर्चीतून उडी मारली आणि तशीच रस्त्यावर आले. अर्धं तोंड बधिर, जीभ एका बाजूला झोपलेली.

तेवढ्यात आठवलं की प्राचार्या दुपारच्या आधीच भेटतात आणि आज शुक्रवार. मी तशीच गेले. मनात भाषण फार सुंदर होतं. एक म्हातारा माणूस कोरा फळा पुसतो तेव्हा काय वाटतं ते सांगायचं होतं, मोजून सगळंच मिळत नाही असं काहीतरी होतं. पण तोंडातून जे बाहेर आलं त्यात व्यंजनं फारशी नव्हती. मी हातवारे वाढवले. प्राचार्यांनी लिहिणं थांबवलं, हळूच चष्मा वर सरकवला आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "हे... लॅटिन आहे का?"

मी नाही म्हणायला मान हलवली, पण गळ्यातलं फडकं मानेत गुंडाळलेलं असल्याने ती भलत्याच दिशेला हलली. (ते फडकंही त्यांना रोमन पोशाखापैकी वाटलं असावं, कारण त्या त्याच्याकडे फार आदराने बघत होत्या.) "फादर इतकं शिकवतात याची मला कल्पना नव्हती," त्या म्हणाल्या. माझ्या आशेला पालवी फुटली. मी आणखी दोन-चार वाक्यं सोडली. त्यांनी ती हात जोडून ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "फार सुंदर. पण नियम पाचाचा आहे."

घरी आले तेव्हा हे ताणकाटा पुसत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून त्याच अर्ध्या तोंडाने सगळं बोलून टाकलं. शिंपी, मास्तर, दात, प्राचार्या, छायाप्रतींचं यंत्र, फादर, सगळं. त्यांनी मान वर करून पाहिलं, "हं" म्हणाले आणि काटा पुसायला लागले. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. म्हटलं, ज्या माणसाला चमच्यातली चूक दिसते त्याला समोरचं माणूस दिसत नाही.

शनिवारी वर्गावर गेले ती निरोप घ्यायलाच. आत जायला धीर होईना, व्हरांड्यातच फेऱ्या घालत राहिले. शेवटी आमच्या सिस्टरने हात धरून आत ओढलं. बघते तर पहिल्या बाकावर, माझ्याच जागेच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून, समोर वही ठेवून तुमचे बंधू!

"तुम्ही इथे कशाला?"

"प्रवेश घेतला."

"कुणाला विचारून?"

"खिडकीवरच्या कारकुनाला," ते म्हणाले, आणि बाक डुगडुगतं म्हणून खाली वाकून त्याचा पाय बघायला लागले.

वन्सं, तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण आहात, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मला आनंद व्हायला हवा होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या जगात एक खोली अशी होती, की जिथे माझा चमचा कुणी तोलत नव्हतं, आणि हा मनुष्य तिथेही काटा घेऊन आला! तेवढ्यात फादर आले. त्यांनी हजेरी घ्यायला बोट फिरवलं, एक, दोन, तीन, चार, आणि बोट यांच्यापाशी येऊन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग ते खिडकीकडे न बघता, पहिल्यांदाच आमच्याकडे बघत म्हणाले, "क्विंक्वे सुमुस." आपण पाच आहोत. हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हजर."

पुढचे काही दिवस मी यांच्याशी लॅटिनमध्येसुद्धा बोलले नाही. आणि ते वर्गात बसतात तरी कसे! फादरनी सांगितलं की लॅटिनमध्ये शब्द कुठेही ठेवले तरी अर्थ बदलत नाही, 'रोसाम पुएल्ला नाउते दात' म्हटलं तरी गुलाब नाविकालाच जातो. यांनी हात वर केला. "म्हणजे पारड्यात क्रम कसाही असला तरी वजन तेच?" फादर खूश. सिस्टर हसत सुटली. मी खिडकीबाहेर सायकलस्टँडकडे बघत बसले. एडीलिसांचं पुन्हा काही येणार आहे का, असं ते रोज विचारत, तेव्हा मला खात्रीच पटली की हे केवळ मापं फोडायची गोष्ट ऐकायला आले आहेत.

मग एकदा सिस्टर आणि मी व्हरांड्यात उभ्या असताना मी माझं गाऱ्हाणं तिला सांगितलं. नेहमीसारखं हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. म्हणाली, "त्या शुक्रवारी संध्याकाळी मी खिडकीजवळच होते. काका धावत आले होते, कारकून कुलूप लावत होता." हे धावले, वन्सं! ज्यांनी आयुष्यात कधी बस पकडायलाही चाल बदलली नाही. यांनी कारकुनाला विचारलं म्हणे, ज्याला काहीच येत नाही त्याला घेतात का? तो म्हणाला, घेतात. मग म्हणाले, "मी आलो तर बायको रागावेल. पण वर्ग राहील ना? एवढंच सांगा." आणि नाव घालून, परत जाताना सिस्टरला नमस्कार करून म्हणाले, "तिला सांगू नका. तिला वाटू दे मी आगाऊपणा केला. त्याची तिला सवय आहे."

त्या दिवशी आम्ही दोघं चालत घरी निघालो. पुलावर आल्यावर मी विचारलं, "त्या शुक्रवारी मी तोंड बधिर करून आले होते. तेव्हा माझं बोलणं तुम्हाला कळलं होतं?"

"सगळं नाही. 'पाच' कळलं. आणि तू रडत होतीस ते कळलं."

"मी नव्हते रडत. दाताच्या इंजेक्शनने डोळ्यांतून पाणी येतं."

ते थोडे पुढे चालले. मग म्हणाले, "इंजेक्शन एका बाजूला होतं. पाणी दोन्ही डोळ्यांतून होतं."

निरीक्षक माणूस, वन्सं. काय बोलणार? मी कठड्याला टेकून उभी राहिले, तेही शेजारी उभे राहिले. खाली पाणी चाललं होतं, त्यांनी ते किती असेल याचा अंदाज सांगितला नाही.

तर अशी सगळी हकीकत आहे. माझी धडधड गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही मी मध्येच उठते, पुलापर्यंत जाते. फक्त आता पुलापलीकडे कुठेतरी पोहोचायचं असतं. बहिणीला आणि इतरांना सांगा की मी जिवंत आहे, शहाणी आहे आणि माझी विभक्ती सुटलेली नाही. मोठ्यांना नमस्कार, नातवंडाच्या गालाचा पापा, आणि भाऊजींना विचारल्याचं सांगा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचं राहूनच गेलं. परीक्षा जवळ आली आहे आणि तुमचे बंधू आंघोळ करताना क्रियापदं चालवतात. डब्यांवर त्यांनी विभक्त्यांची शेपटं चिकटवली आहेत, साखर हवी असेल तर षष्ठी उघडावी लागते. मागच्या चाचणीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त गुण पडले आणि त्यांनी कौतुकाने माझ्या पाठीवर थोपटलं. हे मला सहन होत नाही. तेव्हा माळ्यावरचं सामान खाली काढायचं आहे असं काही कारण सांगून त्यांना महिनाभर तुमच्याकडे बोलावून घ्या. माझं नाव सांगू नका.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर खोडते आहे. शाई फिकी असल्यामुळे खालचं वाचता येईल, पण वाचू नका. (आता मी शिंप्याच्या दुकानात बसून लिहिते आहे, तो उंची मापायला उभी राहा म्हणतो.) काल हे कामासाठी बाहेर होते आणि वर्गाला आले नाहीत. बाक डुगडुगलं नाही, कुणी हात वर केला नाही, धडा वेळेत संपला. फार रटाळ झाला. मी सारखी दाराकडे बघत होते असं केमिस्ट म्हणतो, पण त्याला चिठ्ठीवरचंसुद्धा नीट वाचता येत नाही. सामान माळ्यावरच राहू द्या.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाचा. पुढच्या वर्षी सिस्टरला दुसऱ्या मठात पाठवणार आहेत आणि गोलंदाज पास होण्याची दाट भीती आहे. म्हणजे आम्ही तिघंच उरणार आणि प्राचार्या पुन्हा दारात येणार. भाऊजींनी दुकान मुलाच्या हातात दिल्यापासून ते दिवसभर घरात असतात आणि कपाटांच्या किल्ल्यांना नंबर घालतात, हे मला सूनबाईंनी फोनवर सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत, यावरून काय ते समजले. आमच्या वरच्या मजल्यावरची जागा रिकामी आहे, सकाळचं ऊन येतं. तुमची आणि भाऊजींची नावं मी खिडकीवर देऊन आले आहे. कारकुनाने या वेळी चष्मा काढला नाही. फोटो दोघांचे पाठवा, चेहरा दिसेल असे. नकार द्यायचाच असेल तर त्याला माझी हरकत नाही, मात्र तो लॅटिनमध्ये लिहून पाठवावा.